कापून बघितल्याशिवाय

माझी पीएचडी उंदराच्या डीएनएमधल्या एका तुकड्यावर चालली आहे. तुकडा जेमतेम दोन हजार अक्षरांचा. त्यातून कुठलंही प्रथिन तयार होत नाही आणि त्याला धड नावही नाही. लॅबमध्ये आम्ही त्याला नुसतं ‘तो’ म्हणतो. तो ज्या जनुकाला चालवतो असा आमचा दावा आहे, ते जनुक त्याच्यापासून लाखभर अक्षरं लांब आहे. जनुकाचं नाव सांगत नाही, पेपर अजून बाहेर पडायचाय आणि माझ्या गाइड मॅडमना ते अजिबात चालणार नाही. हृदयाच्या स्नायूंशी संबंधित आहे, एवढं पुरे.

ठाण्याला घरी कुणी आलं आणि मी मूलपेशींवर (स्टेम सेल्सवर) काम करते हे कळलं, की प्रश्न ठरलेले. मावशीचा प्रश्न, “म्हणजे ते इंजेक्शन देऊन गुडघे बरे करतात, तेच ना गं?” बाळंतपण जवळ आलेल्या मामेबहिणीचा प्रश्न, “ताई, नाळेतलं रक्त साठवायचं पॅकेज घेऊ का?” दोघींनाही मी नाही म्हणते. रक्ताच्या काही आजारांत मूलपेशींचं रोपण हा मान्य उपचार आहे. त्यापलीकडे जे काही आहे ते परवानगी घेतलेल्या चाचण्यांमध्येच व्हायला हवं, असं आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आणि स्वतःच्या भावी उपयोगासाठी नाळेतलं रक्त साठवून ठेवण्याला वैज्ञानिक आधार नाही, हेही आयसीएमआरनं स्पष्ट केलेलं आहे. तरी प्रसूतिगृहांतून माहितीपत्रकं वाटली जातातच. बहिणीनं पॅकेज घेतलं नाही. मावशीचं मात्र समाधान झालं नाही. “मग तू करतेस काय तिथे दिवसभर?”

तर, काय करते ते असं.

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए तोच असतो. यकृताच्या पेशीत हृदयाची सगळी जनुकं असतात आणि हृदयाच्या पेशीत यकृताची. फरक पडतो तो कुठली जनुकं चालू आहेत आणि कुठली गप्प आहेत याचा. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण २०,०००, आणि प्रथिनांचा मजकूर असलेला भाग सगळ्या डीएनएच्या दोन टक्क्यांहूनही कमी. कुठलं जनुक कुठे, कधी आणि किती चालावं हे ठरवणारे तुकडे उरलेल्या पसाऱ्यात विखुरलेले असतात. त्यांना एन्हान्सर म्हणतात. ते आपल्या जनुकाच्या शेजारी असतीलच असं नाही. हातापायांची वाढ घडवणाऱ्या ‘सॉनिक हेजहॉग’ या जनुकाचा एक एन्हान्सर माणसात सुमारे दहा लाख अक्षरं लांब, चक्क दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात आहे. त्यात एखादं अक्षर बदललं तरी बाळ सहा बोटं घेऊन जन्माला येऊ शकतं. सापांमध्ये हाच तुकडा मोडकळीला आलेला आहे. अजगराचा तुकडा उंदरात बसवून पाहिला तर उंदराचे पाय खुंटले. हे वाचलं तेव्हा मी एम.एस्सी. करत होते, आणि पुढे काय करायचं ते तिथेच ठरलं.

भ्रूणातल्या मूलपेशी या कामाला सोयीच्या, कारण त्यांचं अजून काहीच ठरलेलं नसतं. साडेतीन दिवसांच्या उंदराच्या भ्रूणातून अशा पेशी काढून बशीत जगवता येतात, हे १९८१ मध्ये केंब्रिजला मार्टिन एव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी दाखवलं. त्याच वर्षी अमेरिकेत गेल मार्टिन यांनीही. ऑक्ट४, सॉक्स२, नॅनॉग ही प्रथिनं या पेशींना ‘काहीच न ठरलेल्या’ अवस्थेत टिकवून धरतात. २००६ मध्ये क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी हेच उलट दिशेनं केलं. २४ जनुकांची यादी घेऊन सुरुवात केली, चाळत चाळत चारवर आणली, आणि ती चार घालून उंदराच्या साध्या त्वचेच्या पेशीला मूलपेशीसारखं बनवलं. २०१२चं नोबेल त्यासाठी. पण चार नावं पाठ झाली म्हणून गोष्ट समजली असं नाही. ऑक्ट४ डीएनएवर हजारो ठिकाणी बसतं. त्यातल्या कुठल्या ठिकाणी बसून ते खरोखर काही घडवतं आणि कुठे नुसतंच बसतं? माझं सगळं काम या ‘नुसतंच’मध्ये आहे.

संस्था नवी मुंबईत. ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून पनवेल गाडी, खारघरला उतरून पुढे शेअर रिक्षा. प्रवासाचं काही वाटत नाही, वाटतं ते रविवारचं. मूलपेशींना रोज ताजं मीडियम, म्हणजे पोषक द्रव, लागतं आणि साधारण एक दिवसाआड त्यांना सोडवून नव्या बशीत पसरावं लागतं. रविवार, गौरी-गणपती, जुलैतला रेड अलर्ट, त्यांना काही फरक पडत नाही. ट्रान्स-हार्बरवर मेगाब्लॉक असला की मी पहाटेची गाडी पकडते आणि ब्लॉक उठेपर्यंत लॅबमध्येच बसून राहते. पेपर वाचायला तो वेळ बरा असतो, एसीही चालू असतो. आई म्हणते, “एवढं तर मी तुम्हा दोघांचं पण नाही केलं.”

चुकवलं तर काय होतं? मरत नाहीत, बिघडतात. पेशींच्या चांगल्या वसाहती, म्हणजे पुंजके, मायक्रोस्कोपखाली फुगीर दिसतात, कडा चकचकीत, आतल्या पेशी एकमेकींपासून वेगळ्या ओळखू येत नाहीत इतक्या दाटीनं. दुर्लक्ष झालं की आधी मीडियमचा लालसर रंग पिवळा पडतो, मग कडेच्या पेशी चपट्या होऊन पाय पसरायला लागतात. म्हणजे त्यांनी काहीतरी व्हायला सुरुवात केली. एकदा सुरुवात झाली की ती बशी माझ्या उपयोगाची नाही. त्यांना रोखून धरायला लिफ नावाचं प्रथिन आणि दोन रसायनं लागतात, तिन्ही महाग. पावसाळ्यात त्यावर बुरशीची भीती. इकडची हवा जून ते सप्टेंबर अशी असते की इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेकडे काणाडोळा केला तर आठवड्यात सगळं घालवून बसायचं. आमच्याकडचे काका, लॅबमध्ये सगळ्यांत जुने, दर सोमवारी तो ट्रे उकळत्या पाण्यानं स्वतः धुतात. पीएचडीवाल्यांवर त्यांचा विश्वास नाही.

पहिला टप्पा चिपचा. ही संगणकातली चिप नव्हे, डीएनएवर कुठे काय बसलंय ते शोधायची पद्धत. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो आणि त्या हिस्टोनच्या शेपट्यांवर रासायनिक खुणा असतात. एच३ हिस्टोनच्या शेपटीत चौथ्या जागी असलेल्या लायसिनवर (प्रथिनाच्या साखळीतला एक दुवा) एक मिथाइल असेल तर इथे एन्हान्सर असण्याची शक्यता. सत्ताविसाव्या जागच्या लायसिनवर ॲसिटाइल असेल तर तो चालू असण्याची शक्यता. त्याच सत्ताविसाव्या जागी तीन मिथाइल असतील तर आसपासचा भाग दाबून ठेवलेला. मूलपेशींची गंमत अशी, की पुढच्या वाढीत महत्त्वाच्या असलेल्या कितीतरी जनुकांवर ‘चालू’ची आणि ‘दाबून ठेवलंय’ची अशा दोन्ही खुणा एकाच वेळी सापडतात. हे २००६ मध्ये ब्रॅडली बर्नस्टीन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. पेशीनं निर्णय घेतला की दोनातली एक खूण पुसली जाते.

या खुणा वाचायच्या कशा? बशीतल्या जिवंत पेशींवर एक टक्का फॉर्माल्डिहाइड घालायचं, दहा मिनिटं. डीएनए आणि त्यावर त्या क्षणी जे काही बसलंय ते जागच्या जागी चिकटून जातं. ग्लायसिन घालून प्रक्रिया थांबवायची, पेशी फोडायच्या, आणि ध्वनिलहरींनी डीएनएचे दोनशे ते पाचशे अक्षरांचे तुकडे करायचे. मग ज्या खुणेचा शोध आहे तिला धरणारी अँटिबॉडी घालून रात्रभर चार अंशांवर फिरवत ठेवायचं, चुंबकीय मण्यांनी ओढून काढायचं, धुवायचं, पुन्हा धुवायचं. पासष्ट अंशांवर ठेवून चिकटलेलं सोडवायचं, आणि उरलेला डीएनए कुठल्या जागचा आहे ते सिक्वेन्सिंग करून, म्हणजे त्याची अक्षरं वाचून, पाहायचं.

लिहायला एक परिच्छेद लागला. करायला मात्र महिने गेले, आणि त्यातले बहुतेक ध्वनिलहरींच्या पायरीवर. तुकडे फार मोठे राहिले तर जागा नेमकी कळत नाही. फार वेळ फोडत राहिलं तर नमुना तापतो आणि अँटिबॉडीला धरायला काही उरत नाही. नळीत फेस आला की ती गेलीच. तापमान चार अंशांवर राहायला हवं म्हणून मशीनच्या टाकीत बर्फ घालत बसायचं, दर थोड्या वेळानं दोन मायक्रोलिटर काढून जेलवर चालवायचे (त्यात डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे होतात, आखूड ते खाली) आणि डीएनएचा पट्टा खाली सरकतोय का ते बघायचं. कुठल्या पेशी, किती घट्ट चिकटवल्या, नळी कुठल्या कंपनीची, सगळ्यावर उत्तर बदलतं. दुसऱ्या लॅबचा प्रोटोकॉल जसाच्या तसा उतरवून कुणाचंही जमलेलं मी पाहिलेलं नाही.

अँटिबॉडीची रड वेगळीच. परदेशातून कोरड्या बर्फात यायची ती. एकदा मधल्या मध्ये कुठेतरी अडकली आणि पोचली तेव्हा खोक्यात बर्फाचा मागमूस नव्हता. कुणाकडे किती दिवस पडून होती हे विचारायला फोन केले, प्रत्येकानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं. पैसे परत मिळाले नाहीत. नवी मागवली तर ती वेगळ्या लॉटची, आणि लॉट बदलला की जुने आकडे आणि नवे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. पुन्हा सगळे नमुने.

शेवटी सिक्वेन्सिंगचा डेटा हार्ड डिस्कवर आला. उंदराच्या २७० कोटी अक्षरांच्या जीनोमवर, म्हणजे सगळ्या डीएनएवर, तो बसवायला आमच्या संगणकाला रात्र लागली. सकाळी जीनोम ब्राउझरमध्ये आमचं जनुक उघडलं आणि उजवीकडे सरकत गेले. बराच वेळ सपाट रेष. मग अचानक एक टोकदार शिखर, आणि तिथेच चौथ्या जागचं मिथाइल, सत्ताविसाव्या जागचं ॲसिटाइल, ऑक्ट४, सगळं एकाखाली एक. माझ्या शेजारी बसणारा मुलगा म्हणाला, “अगं, हे तर पेपरच्या पहिल्या आकृतीत जाईल.”

ग्रुप मीटिंगमध्ये मॅडमनी तीच स्लाइड बराच वेळ पडद्यावर ठेवली आणि विचारलं, “छान आहे. पण तो तिथे करतो काय?” मी खुणा वाचून दाखवायला लागले. त्यांनी थांबवलं. “दुकानावर पाटी आहे हे दिसतंय मला. दुकान चालतं का?”

या प्रश्नाची मला नंतर इतकी सवय झाली, की आता दुसऱ्यांचे पेपर वाचतानाही तोच आधी डोक्यात येतो. खुणांचे नकाशे काढणं स्वस्त होत गेलं तसे एन्हान्सरचे आकडे लाखांत गेले. त्यातले काढून टाकल्यावर काय बिघडतं हे तपासलेले मूठभर. शिखर दिसलं की ‘नियंत्रण करतो’ असं लिहून मोकळं व्हायची जी सवय आमच्या क्षेत्राला लागली आहे, ती मला आवडत नाही. शिखरावरून एवढंच कळतं, की तिथे काहीतरी बसलेलं आहे.

म्हणून क्रिस्पर, डीएनए हव्या त्या जागी कापायची पद्धत. तुकड्याच्या दोन्ही टोकांना एकेक गाइड आरएनए जागा दाखवतो, कॅस९ नावाचं प्रथिन दोन्हीकडे कापतं, पेशी तुटलेली टोकं जोडून घेते आणि मधला भाग निघून जातो. डाउडना आणि शार्पेंटियर यांचा मूळ पेपर २०१२चा, नोबेल २०२०चं. आमच्यासारख्या लॅबमध्ये आज हे रोजचं काम आहे. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी लागते, ती मिळाली. मग पेशी एकेक करून ९६ खणांच्या प्लेटमध्ये सोडायच्या, म्हणजे प्रत्येक वसाहत एकाच पेशीपासून वाढलेली असेल. वसाहत डोळ्यांना दिसेल एवढी झाली की अर्धी पुढे वाढवायला, अर्धी पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या तेवढ्याच भागाच्या भरपूर प्रती काढायला. जेलवर वरचा लांब बँड दिसला तर तुकडा जागेवरच आहे. खालचा आखूड बँड दिसला तर गेला. दोन्ही दिसले तर गुणसूत्रांच्या जोडीतल्या एकाच प्रतीतून गेला. बहुतेक खणांत लांब बँड किंवा दोन्ही. नुसता आखूड बँड असलेला पहिला खण दिसला तेव्हा मी जेलचा फोटो आईला व्हॉट्सॲपवर पाठवला. तिचं उत्तर: “ही रेघ चांगली का वाईट?”

एका क्लोनवर, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेल्या एका वसाहतीवर, भागत नाही. प्रत्येक क्लोनचा आपला स्वभाव असतो आणि क्रिस्परनं भलतीकडेच कुठेतरी कापलेलंही असू शकतं. म्हणून तुकडा गेलेले वेगवेगळे क्लोन, आणि जोडीला याच सगळ्या छळातून गेलेले पण तुकडा शाबूत असलेले.

सगळे तयार झाले आणि जनुक किती चालतंय ते मोजलं. काही फरक नाही. मूलपेशींमध्ये हे जनुक एरवीही अगदी थोडं चालतं. तुकडा काढल्यावरही तेवढंच थोडं. पेशी मस्त, वसाहती फुगीर, वाढ पूर्वीसारखी. ऑक्ट४ बसलेलं, सगळ्या खुणा असलेला दोन हजार अक्षरांचा भाग कापून फेकला आणि पेशीला पत्ताही नाही.

पाटी आहे, दुकान बंद. नकारात्मक निकाल म्हणून दोन पानांत गुंडाळता आलं असतं. पण मॅडम म्हणाल्या, पेशींना जिथे जनुक लागतच नाही तिथेच आपण मोजतोय. त्यांना हृदयाकडे जाऊ दे, मग बघ.

मूलपेशींना हृदयाकडे न्यायची जुनी पद्धत म्हणजे थेंब टांगणे. लिफ काढून टाकलेल्या मीडियममध्ये पेशी मोजून मिसळायच्या आणि पेट्री डिशच्या झाकणाच्या आतल्या बाजूवर वीस-वीस मायक्रोलिटरचे थेंब ओळीनं ठेवायचे. मग झाकण एका झटक्यात उलटं करायचं. हळू केलं तर थेंब ओघळतात, जोरात केलं तर एकमेकांत मिसळतात. हाताला लागणारी गती कुणी शिकवून येत नाही. खाली डिशमध्ये बफर ठेवायचं, म्हणजे थेंब सुकत नाहीत. दोन दिवसांत प्रत्येक थेंबाच्या तळाशी पेशी जमून एकेक गोळा होतो. ते गोळे सोडवून आधी तरंगते ठेवायचे, मग जिलेटिनच्या थरावर टेकवायचे. आठव्या-दहाव्या दिवशी त्यातला एखादा भाग धडधडायला लागतो. सगळा गोळा नाही, एका कडेचा ठिपका. मधूनच थांबतो, पुन्हा सुरू होतो. काकांना दाखवलं, ते बराच वेळ डोळा लावून उभे होते. मग म्हणाले, “ह्याला डोकं नाही ना?” नाही म्हटल्यावर जरा सैलावले.

तुकडा काढलेल्या क्लोनचे गोळेही धडधडले. वेळेवर, इतरांसारखेच. माझा चेहरा बहुधा पडला असणार. पण आरएनए (चालू जनुकाची नक्कल) काढून मोजलं तर शाबूत क्लोनमध्ये जनुक या दिवसांत झपाट्यानं वर चढत होतं, आणि तुकडा काढलेल्यांत निम्म्याच्याही खाली राहिलं. एका क्लोनमध्ये नाही, सगळ्यांमध्ये. पुन्हा पेशी वाढवल्या, पुन्हा थेंब टांगले; तेच.

मूलपेशीत जी खूण दिसली होती ती तिथल्या कामाची नव्हतीच. ती आगाऊ तयारी होती; काम पुढे, पेशीनं दिशा पकडल्यावर. जनुक पूर्ण गप्प झालं नाही याचा अर्थ आसपास आणखी एखादा एन्हान्सर त्याला सांभाळून घेत असावा. बऱ्याच महत्त्वाच्या जनुकांना असे एकाहून जास्त असतात. एका परीनं बरंच आहे. एक बिघडला म्हणून हृदय बंद पडायला नको.

मावशीचा प्रश्न उरतोच, की याचा उपयोग काय. आता माझ्याकडे तिच्यासाठी उत्तर आहे, आणि ते हृदयाचं नाही, रक्ताचं आहे. आपल्या जिल्ह्यातल्या उल्हासनगरमध्ये थॅलेसेमियाची घरं आहेत, पालघर-नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकलसेलची. दोन्ही आजार जन्मानंतरच्या हिमोग्लोबिनचे. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि ते ठणठणीत काम करतं, पण जन्मानंतर बीसीएल११ए नावाचं प्रथिन ते बंद पाडतं. मग बीसीएल११ए हे जनुकच काढून टाकावं का? नाही चालणार, इतर पेशींना ते लागतं. २०१३ मध्ये बोस्टनच्या डॅनियल बाउअर आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाला त्या जनुकाचा एक एन्हान्सर सापडला, जो फक्त तांबड्या पेशींच्या वाटेवर काम करतो. रुग्णाच्याच रक्तमूलपेशी काढून क्रिस्परनं तेवढीच जागा बिघडवायची, आणि केमोथेरपी देऊन जागा मोकळी केल्यावर त्या परत द्यायच्या. कॅसजेव्ही नावाच्या या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेनं मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. भारत सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान त्याच वर्षी १ जुलैला शहडोलहून सुरू झालं, त्यात भर तपासणीवर आणि समुपदेशनावर आहे, आणि सध्याच्या किमतीत दुसरं काही शक्यही नाही. किंमत ऐकून मावशी म्हणाली, “मग आपल्याला काय त्याचं!” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण तो एन्हान्सर खुणांच्या नकाशावर दिसला तेव्हाच कुणी औषध करायला घेतलं नव्हतं. कापून बघितल्यावर घेतलं.

पेपर एकदा परत आलाय. एका परीक्षकाचं म्हणणं, तुकडा कापताना कदाचित डीएनएची तिथली घडीच विस्कटली असेल. परिणाम तुकड्याचा की घडीचा, हे सिद्ध करा. प्रश्न रास्त आहे. म्हणून आता तोच तुकडा त्याच पेशींमध्ये परत बसवते आहे, एकदा सुलट, एकदा उलट, आणि एकदा त्याच लांबीचा पण कसल्याच खुणा नसलेला दुसरा भाग. सुलट आणि उलटचे क्लोन ९६ खणांत आहेत. तिसऱ्याचे प्राइमर (पीसीआरला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) अजून यायचेत. या रविवारी पुन्हा मेगाब्लॉक आहे.